चढाचे ठोके

कमलीबाईनं कुणाचीही नाडी धरली, की पहिली पाच-सहा सेकंदं तिला त्या माणसाची नाडी लागतच नाही. लागते ती सुरमीची. मनगट म्हाताऱ्याचं असो की बाळंतिणीचं, तिच्या तीन बोटांखाली आधी तीच एक नाडी धावते, बारीक, कडक, घाईची, मिनिटाला एकशे अठरा. मग ती विरून जाते आणि समोरच्या माणसाची हाती येते. हे चार वर्षं चाललंय. आता कमलीबाई तेवढा वेळ जाऊ देते आणि मगच घड्याळाकडं बघून मोजायला लागते. लोकांना वाटतं, नर्सबाई किती सबुरीनं बघते.

धडगावपासून वर, घाटाची वळणं संपता संपता एक उपकेंद्र आहे. दोन खोल्या, पुढं लांब पडवी. कमलीबाई तिथली आरोग्य सेविका. वय बावन्न, नोकरी सव्वीस वर्षांची. स्वतः पावरा, म्हणजे ज्यांना तपासायचं त्यांच्यातलीच. सुई बघून पळालेल्या पोरांना त्यांच्याच बोलीत चार शिव्या हासडून परत आणणारी. तिच्या हातावर जन्मलेल्या पोरी आता आपापली लेकरं घेऊन लसीला येतात. तिचा नवरा जालमसिंग पाड्यांवरून धडगावला जीप चालवतो. बाराच माणसं बसली तर त्याला गाडी रिकामी गेल्यासारखी वाटते. टपावर बकऱ्या चढल्या आणि मागच्या पायरीवर दोघंतिघं लोंबकळले, की त्याचा चेहरा खुलतो. भारी बडबड्या माणूस. एका गोष्टीबद्दल मात्र तो चार वर्षांत बोललेला नाही, आणि तीही नाही.

कमलीबाईची चूक सांगायची तर आधी तिचा चांगुलपणा सांगावा लागतो, कारण चूक त्याच्याच पोटी जन्मली.

पाच-सहा वर्षांपूर्वी उपकेंद्रात किशोरवयीन मुलामुलींची तपासणी झाली. खालच्या मैदानी मुलखातून एक तरुण डॉक्टर आला होता. जवळच्या पाड्यावरच्या रेवजीच्या पोराचे ठोके त्याला जास्त लागले. त्यानं चिठ्ठी लिहून पोराला सरळ नंदुरबारला धाडलं. बाप गेला, आई गेली, चार दिवस तिथल्या व्हरांड्यात काढले. निघालं काहीच नाही. पोरगा त्या दिवशी नदीवरून अख्खी टेकडी पळत चढून आला होता, एवढंच. पण त्या चार दिवसांत गुजरातला ऊसतोडीला जाणारा ट्रक निघून गेला होता आणि टोळीत रेवजीची जागा दुसऱ्यानं घेतली होती. रेवजी उपकेंद्रावर आला. भांडला नाही. म्हणाला, माझा पोरगा चढ चढून आलाय हे तुला दिसत होतं, तू आमच्यातली, तू का नाही सांगितलंस? कमलीबाईला ते फार लागलं.

तेव्हापासून तिनं एक रीत पाडली. कुणा पोराचे ठोके जास्त भरले, दाब जरा वर गेला, की ती विचारायची, चालत आलास का? हो म्हटलं की आकड्याशेजारी दोन अक्षरं लिहायची, ‘च. च.’ म्हणजे ‘चढ चढून’. डॉक्टर लोकांनाही ते पसंत पडलं. सरकारी कागदाला आकडा हवा असतो आणि आकड्याला कारण हवं असतं. दोन्ही मिळालं की कागद सुखी. सुरुवातीला ती नेमानं त्या पोरांना पडवीत बसवायची आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. दरवेळी ठोके खाली आलेले असायचे. वीस पोरांचे आले, चाळीसांचे आले. मग कधीतरी गर्दी होती म्हणून एकाला पुन्हा मोजलं नाही, मग दोघांना नाही, आणि होता होता पुन्हा मोजणं बंदच पडलं. दोन अक्षरं तेवढी राहिली. बायाबापड्यांनाही प्रश्न पाठ झाला. टेबलापाशी नर्सबाईनं विचारलं, की चालत आलो म्हणायचं, म्हणजे नंदुरबारची वारी टळते. कमलीबाईला हे ठाऊक होतं. तिला वाटायचं, आपण आपल्या माणसांच्या मधे उभे आहोत, त्यांना वाचवतो आहोत.

चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात पुन्हा तशीच तपासणी होती. डॉक्टर यायला उशीर झाला होता आणि पडवी सकाळपासून भरलेली. खालच्या पाड्यावरची जमनाबाई तिच्या थोरल्या मुलीला घेऊन आली होती. सुरमी, वय चौदा, आश्रमशाळेत नववीला. नंबर लागला तेव्हा अकरा वाजून गेले होते. कमलीबाईनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. दीडशेवर शंभर. नाडी एकशे अठरा. तिच्या भुवया क्षणभर वर गेल्या. मागं अजून तीस पोरं होती, डॉक्टर आत चहा मागत होता.

“चालतच आलात ना खालून?” तिनं विचारलं.

“हो, चालत,” जमनाबाई म्हणाली.

तिनं लिहिलं, ‘च. च.’ आणि पुढच्याला हाक मारली.

बाराव्या दिवशी सुरमीचं डोकं इतकं दुखायला लागलं की ती भिंतीवर आपटून घेत होती. उलट्या झाल्या. दिसेनासं झालं. मग झटके सुरू झाले. बाप नवलसिंग रानात होता, त्याला बोलावून आणेपर्यंत जालमसिंगची जीप दारात आली. पोरीला मागच्या बाकावर आडवी घातली, डोकं आईच्या मांडीवर. धडगाव यायच्या आत, घाटातच ती गेली. जालमसिंगनं गाडी तिथंच थांबवली आणि बराच वेळ स्टिअरिंग सोडलं नाही.

चौकशी झाली. कागद चोख होता. आकडा होता, कारण होतं. वरचे साहेब म्हणाले, वाईट झालं, पण नोंद व्यवस्थित आहे. औषधं देणारा राजेंद्र शहाद्याकडचा, अहिराणी बोलणारा, मनानं चांगला. त्यानं तिला पडवीत एकटं गाठून समजावलं, “ताई, पोर चढ चढीसन उनी व्हती. त्यामा तुमना काय दोष शे?” पोर चढूनच आली होती, तुमचा दोष नाही, असं त्याचं म्हणणं. कमलीबाईनं मान हलवली. त्याच दिवसापासून सुरमी यायला लागली.

रात्रीअपरात्री येते, पांढरं काही नेसून येते, असलं काही नाही. ती भर दिवसा येते, पडवीत गर्दी असते तेव्हा. दुसऱ्या खांबाला टेकून बसते, जशी त्या दिवशी बसली होती. बोलत नाही, बघत नाही, कुणाला त्रास देत नाही. कमलीबाईला तिची भीती वाटत नाही. भीती वाटली असती तर बरं झालं असतं, उतारा करता आला असता, जागा बदलून मागता आली असती. पण ती पोर तिथं नंबराची वाट बघत बसलेली असते. अजून आपली पाळी यायची आहे असं समजून. कमलीबाई एकेकाला हाक मारते, ओळ पुढं सरकते, आणि ती तिथंच. संध्याकाळी पडवी झाडायला मावशी आली, की ती नसते.

त्यानंतर कमलीबाई बदलली. आता तिच्याकडं आलेलं प्रत्येक पोर आधी खुर्चीत बसतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, तोंड बंद. घड्याळ लावून पाच मिनिटं. बारीक दंडाला बारीक पट्टा, जाड दंडाला मोठा. तो तिनं तालुक्याला भांडून मिळवला. मग तीनदा मोजायचं. लोक चेष्टा करतात, नर्सबाईकडं गेलं की बूड बधिर होऊनच परत यायचं. ती हसत नाही. सगळ्या पाड्यांवरची पोरं तिनं अशी बसवून मोजली, एक घर सोडून. जमनाबाई तिच्या दारात येत नाही. कमलीबाई घरभेटीला त्या पाड्यावर गेली की जमनाबाई धाकट्या यामिनीला घेऊन शेतात निघून जाते. लांबून पाठ दिसते फक्त. कमलीबाई मनाशी म्हणायची, तिला कळलंय. तिला सगळं कळलंय, आणि ती माझं तोंड बघत नाही ते बरोबरच करते.

मग या हिवाळ्यात धडगावला एक प्रशिक्षण झालं. शिकवायला डॉ. शिरीन होत्या, नवापूरच्या, वडिलांची तिथं बेकरी. तिशीच्या आतबाहेरची बाई, सतत खोकणारी, पण सांगायची हातोटी अशी की मागच्या बाकावर पेंगणाऱ्या सेविकासुद्धा सरळ बसल्या. त्यांच्या गटाला तालुक्यातल्या शाळांमध्ये दाब जास्त असलेली काही मुलं सापडली होती आणि त्या मुलांचं हृदय मेंदूचं कितपत ऐकतं, हे ते बघत होते. सोबत एक छोटं यंत्र होतं. छातीला तीन चकत्या चिकटवायच्या, की ते दोन ठोक्यांमधलं अंतर मोजत जायचं.

डॉ. शिरीननी सांगितलं ते असं. हृदय आपल्या आपण चालतं, पण मेंदूकडून त्याच्याकडं दोन तऱ्हेच्या नसा येतात. एक पळवते, दुसरी आवरते. आपण घाबरलो, धावलो, चढलो, की पळवणारी जोर करते. बसलो, निजलो, पोटभर जेवलो, की आवरणारी त्याला खाली आणते. धडधाकट पोराचं हृदय घड्याळासारखं एकसारखं टकटक करतच नाही. श्वास आत घेतला की ठोके जरा लगबगीनं पडतात, सोडला की जरा निवांत. ही ढिलाई म्हणजे आवरणारी नस जागी असल्याची खूण. दाब चढलेल्या पुष्कळ पोरांमध्ये ती ढिलाई कमी झालेली दिसते. पोर खुर्चीत स्वस्थ बसलेलं असतं आणि आतलं हृदय मात्र कुणी मागं लागल्यासारखं एकाच चालीनं पळत असतं. आधी नसा बिघडतात की आधी दाब, ते अजून नीट कळलेलं नाही, असंही त्या मोकळेपणानं म्हणाल्या. शिवाय या वयात दाब एवढा चढला तर मूत्रपिंड बघायचं, त्याच्याकडं जाणारी रक्तवाहिनी अरुंद आहे का बघायचं, घरात कुणाला होतं का विचारायचं. आणि हे सगळं करायला आधी कुणीतरी साधा पट्टा नीट बांधून नीट मोजायला हवं.

कमलीबाईनं हात वर केला. सव्वीस वर्षांत तिनं कुठल्या प्रशिक्षणात प्रश्न विचारला नव्हता.

“घाट चढून आलेल्या पोराचे ठोके कसे दिसतात?”

“चढाचे ठोके बसल्याबरोबर उतरायला लागतात, कमलीताई,” डॉ. शिरीन म्हणाल्या. “पहिल्या मिनिटातच. आवरणारी नस लगेच हात घालते. पोर अर्धा तास बसलंय आणि तरी ठोके तिथंच आहेत, तर ते चढाचे नाहीत. ते कशाचे आहेत, हे मग शोधावंच लागतं.”

बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं. कमलीबाईच्या पेनाची शाई कागदावर एकाच जागी पसरत राहिली.

दुपारी निघताना डॉ. शिरीननी तिला बाजूला घेतलं. त्यांच्या यादीत तिच्या भागातली एक मुलगी होती. यामिनी नवलसिंग, वय चौदा. शाळेत दोन वेगवेगळ्या दिवशी मोजलं, दोन्ही वेळा दाब जास्त. तिसऱ्यांदा मोजून पुढचं ठरवायचं होतं, तर आई शाळेत आली आणि मुलीला घरी घेऊन गेली, ती परत पाठवलीच नाही. थोरली बहीण त्याच वयात झटके येऊन गेली असं शाळेतून कळलं. “तिचा दाब कधी कुणी मोजला होता का?” डॉ. शिरीननी विचारलं. “कुठं आकडा असला तर फार उपयोग होईल. बसलेला होता की धावपळीतला, तेही कळायला हवं. आणि या मुलीला उद्याच आणता आलं तर बघा. मी परवा जाणार.”

“बघते,” कमलीबाई म्हणाली.

घरी येताना जालमसिंगच्या शेजारच्या सीटवर ती बसली होती. तिला वाटलं, आज हा बोलेल. तो शहाद्याच्या बाजाराबद्दल बोलला, टायरांबद्दल बोलला. शेवटचं वळण आलं तसं तिनंच सांगितलं, उद्या सकाळी खालच्या पाड्यावर गाडी घे, नवलसिंगच्या घरी जायचंय. त्यानं गिअर बदलला आणि बोलणं बंद केलं.

सकाळी नऊच्या सुमाराला ते पोचले. नवलसिंग ऊसतोडीला गेलेला. कुडाच्या भिंतींचं घर, पुढं सारवलेला ओटा. जमनाबाई जात्यापाशी होती. जीपचा आवाज आला तशी ती उठलीच होती, पण शेताकडं निघायला उशीर झाला. यामिनी दारातच उभी होती, आणि कमलीबाईला क्षणभर दारात सुरमीच उभी असल्यासारखी वाटली. तेच खांदे, तीच उभं राहायची ढब. फक्त ही तिच्याकडं बघत होती.

दोघी बाया आपल्या पावरी बोलीत बोलल्या, एकमेकींना तूच म्हणत. कमलीबाईनं पोरीला आत जायला सांगितलं आणि मग डॉ. शिरीनचं सगळं बोलणं जमनाबाईला सांगितलं. दोन नसा, त्यांचं काम, मूत्रपिंड, आजच्या आज धडगावला नेणं. जमनाबाई उभ्यानं ऐकत होती. हातात जात्याचा खुंटा अजून तसाच होता.

“काही झालेलं नाही तिला,” ती म्हणाली. “शाळेच्या पुढं चढ आहे. चढून गेली होती ती.”

हे वाक्य जमनाबाईनं दार लावून घ्यावं तसं म्हटलं. कमलीबाईनं ते तिच्या तोंडून ऐकलं. आपणच शिकवलेलं होतं ते. आपल्या टेबलावरून निघून, एक पोर गिळून, ते आता दुसऱ्या पोरीच्या आड येऊन उभं होतं. ती ओट्यावर खाली बसली. मागं जीपपाशी जालमसिंग उभा होता. तिनं ठरवलं, की आता याच्यासमोरच होऊ दे.

“जमना, त्या दिवशी तुम्ही चालत आला नव्हतात,” ती म्हणाली. “सुरमी आणि तू ह्याच्या जीपमधून उतरलात. पहिल्या खेपेला. मी पडवीतून बघितलं. ती पुढच्या सीटवरून उतरली. नंतर दीड तास ती खांबाला टेकून माझ्या डोळ्यांसमोर बसली होती. मी तुला विचारलं ते कळायला नाही विचारलं. लिहायचं होतं म्हणून विचारलं. तू हो म्हणशील हे मला माहीत होतं. ते खोटं आहे हेही माहीत होतं. संध्याकाळी ह्यानं घरी येऊन सांगितलं, की नवलसिंगच्या पोरीला बरं नव्हतं म्हणून पुढं बसवली. तेव्हा तरी मी दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा मोजायला हवं होतं. मी आले नाही. बारा दिवस होते माझ्याकडं.”

जालमसिंगनं तोंड फिरवलं आणि जीपच्या बॉनेटवर हात टेकला.

जमनाबाईनं हातातला जात्याचा खुंटा खाली ठेवला, अगदी हळू, जणू तो फुटेल.

“तुला दिसलं होतं,” ती म्हणाली.

“दिसलं होतं.”

“आम्ही जीपमधून उतरताना.”

“हो.”

“म्हणजे मी खरं सांगितलं असतं काय, खोटं सांगितलं असतं काय,” जमनाबाईचा आवाज फाटला, “तुला माहीतच होतं.”

आणि मग तिनं सांगितलं, ओट्याच्या कडेला बसून, जमिनीकडं बघत. तिनं हे नवलसिंगलाही कधी सांगितलं नव्हतं. चार वर्षं ती धरून चालली होती, की टेबलापाशी आपण खोटं बोललो म्हणून पोर गेली. आपण चालत म्हटलो नसतो तर नर्सबाईनं पोरीला थांबवलं असतं, पुढं पाठवलं असतं. ऊसतोडीची गाडी चुकेल म्हणून आपण पोर दिली. म्हणून ती उपकेंद्राकडं फिरकत नव्हती, म्हणून कमलीबाईला बघून शेतात पळत होती. तिचा राग म्हणून नाही, तिच्यासमोर उभं राहायची लाज म्हणून. आणि यामिनीला शाळेतून आणलं ते याच भीतीनं, की पुन्हा कुणी काही विचारेल आणि आपल्या तोंडून पुन्हा भलतंच निघेल.

कमलीबाईला आता उमगलं. आपण समजत होतो की ही आपल्याला ओळखून आहे. आणि ही बिचारी समजत होती की आपण हिला ओळखून आहोत. एका डोंगराच्या वर एक, खाली एक.

“चार वर्षं,” जमनाबाई म्हणाली. आता ती वर बघत होती आणि तिचे डोळे कोरडे होते. “मला का जळू दिलंस?”

कमलीबाईनं पिशवीतून कागद काढला आणि त्यावर लिहिलं. सुरमी नवलसिंग, वय चौदा, दाब दीडशेवर शंभर, नाडी एकशे अठरा. खाली लिहिलं, ‘दीड तास बसून असताना.’ मग स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, आणि सही केली. तो कागद तिनं जमनाबाईपुढं धरला आणि सांगितलं, हा डॉक्टरबाईंच्या हातात दे, त्यांना सुरमीचाच आकडा हवा आहे, यामिनीसाठी.

जमनाबाईनं कागद घेतला. वाचता येत नव्हता, तरी बराच वेळ बघितला. मग आत जाऊन यामिनीला बाहेर आणलं, तिला लुगड्याच्या पदराखाली घेतलं आणि जीपकडं निघाली. कमलीबाई उठली तशी ती थांबली.

“तू नको. तू इथं बस. मी येईपर्यंत ह्या घरातून हलू नकोस. मी चार वर्षं बसले इथं, आज तू बस.”

जालमसिंगनं बायकोकडं बघितलं. तिनं जा म्हणून खूण केली. जीप वळली, चढाला लागली, वळणावळणानं आवाज बारीक होत गेला आणि ऐकू येईनासा झाला.

कमलीबाई दिवसभर त्या ओट्यावर बसून राहिली. कोंबड्या आल्या-गेल्या. दुपारी ऊन ओट्यावर आलं तरी ती सरकली नाही. आत घरात खुंटीला शाळेचं एक दप्तर टांगलेलं होतं, ते कुणाचं असेल हे तिला विचारावं लागलं नाही. कधीतरी तिच्या शेजारी सुरमी येऊन बसली. खांब नव्हता, ओळ नव्हती, पुढं कुणाचा नंबर नव्हता. कमलीबाईनं तिच्याकडं मान वळवून बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं तिच्याकडं नीट बघितलं, कारण आज हाक मारायला दुसरं कुणी नव्हतं.

दिवस मावळायच्या आत जीप परत आली. यामिनी आधी उतरली आणि सरळ घरात जाऊन पाणी प्यायली. जालमसिंग गाडीतच बसून राहिला. जमनाबाई ओट्यापाशी आली आणि एकेक सांगितलं. पोरीला बसवून ठेवलं, तीनदा मोजलं, तीनही वेळा जास्त. गोळी सुरू केलीय. उद्या नंदुरबारला जाऊन पोटाचा फोटो काढायचा, मूत्रपिंडाच्या नळीचा. डॉक्टरबाईंनी सुरमीचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, हा मिळाला म्हणून बरं झालं, आता कुठं बघायचं ते ठरवता येईल. नवलसिंगला निरोप गेलाय. हे सगळं तिनं परक्या माणसाला सांगावं तसं सांगितलं.

कमलीबाई उठली, पदर सावरला आणि जीपकडं वळली. तेव्हा मागून जमनाबाईनं विचारलं, अगदी खालच्या आवाजात, आत पोरीला ऐकू जाऊ नये असं.

“लोक म्हणतात, तू पडवीत कुणासाठी तरी थांबतेस. मधेच हाक मारायची थांबतेस. ती येते का तुझ्याकडं?”

कमलीबाई वळली. आता खोटं बोलायला जागाच नव्हती.

“येते.”

“माझ्याकडं नाही आली,” जमनाबाई म्हणाली. “एकदासुद्धा नाही. मी रोज हाक मारते.” ती ओट्यावर बसली आणि शेजारची जागा हातानं साफ केली. “सांग मला. कशी असते?”

कमलीबाई तिच्याजवळ बसली. बोलायला तोंड उघडलं आणि तिला कळलं, की हे आपण कधी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नाही, कारण सांगितलं असतं तर त्या दिवशी डोळ्यांना काय काय दिसत होतं तेही कबूल करावं लागलं असतं.

“पिवळी ओढणी असते,” ती म्हणाली. “पाय पोटाशी घेतलेले. डोळे मिटलेले असतात. उजवा हात असा कपाळावर, घट्ट दाबून धरलेला.”

जमनाबाईनं स्वतःचा उजवा हात उचलला आणि कपाळावर तसाच ठेवला.

“दुखत होतं तिचं,” ती म्हणाली.